थोरलीचा दरवळ

वास नाकाशी आला तेव्हा फेंगशियान औषधी मुळांच्या वाफ्यात खुरपं घेऊन उकिडवी बसली होती, आणि तिचं खुरपं मातीतच थांबलं. वास चांगला होता. तेच तर वाईट होतं.

औषधासाठी लावलेल्या पिओनीच्या फुलाला असा वास नसतो. असलाच तर ओल्या पाल्यासारखा, नाक खुपसलं तर कळेल इतका. शिवाय तिला फुलू देतंच कोण? कळी धरली की खुडायची, म्हणजे झाडाचा सगळा जोर मुळाकडे वळतो. मूळ पोसलं की खणायचं, उकडायचं, सोलायचं आणि वाळवून सरकारी खरेदी केंद्रावर घालायचं. गावातल्या बायकांनी वाफ्यातल्या कळ्या हल्लीच खुडल्या होत्या आणि टोपल्या भरभरून डुकरांपुढे ओतल्या होत्या. वाफ्यात आता नुसती हिरवी पानं होती. आणि त्या पानांतून कुठूनतरी पिकलेल्या नाशपतीचा आणि तापवलेल्या दुधाच्या सायीचा असा एकत्र वास येत होता.

तो वास फेंगशियाननं झोपेतही ओळखला असता. सून म्हणून या गावात आली त्या दिवशी अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या तिला तोच वास आला होता, आणि सासरच्या माणसांची तोंडं दिसायच्या आत तिला घर आवडून गेलं होतं. तिच्या सासऱ्याची, म्हाताऱ्या पांगची, ती लाडकी पिओनी. पांढरी, आतून जरा गुलाबी, वाडग्याएवढी. हझे जिल्ह्याच्या या पट्ट्यात घरोघरी पिओनी, पण तिच्यासारखा वास कुणाच्याच झाडाला नव्हता. म्हाताऱ्याला मुलगी नव्हती. तो या झाडाला ‘थोरली’ म्हणायचा. “थोरलीला तहान लागलीय,” म्हणायचा. “थोरलीवर सावली नका पाडू रे, ती चिडते,” म्हणायचा. सुनेशी मात्र दिवसाला चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी.

थोरली जळून गेली, असं अख्खं गाव समजत होतं. म्हातारासुद्धा.

झालं होतं असं. मागच्या शरदात, नेमकी मुळं हलवायच्या दिवसांत, तालुक्याहून क्रांतीच्या नावानं फिरणाऱ्या पोरांचं पथक आलं. फुलं म्हणजे जमीनदारांची चैन, ती उपटून टाका, असा हुकूम. ज्या गावच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पिओनीची मुळं विकून चूल पेटवली, त्या गावानं तो हुकूम ऐकून माना डोलावल्या, कारण ज्यांच्या माना डोलत नव्हत्या त्यांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या जात होत्या. म्हाताऱ्या पांगच्या गळ्यातही अडकवली. डोक्यावर कागदाची उंच टोपी घातली आणि चौकात उभं करून विचारलं, “आणखी कुठे लपवलीयेत फुलझाडांची मुळं?”

आणि म्हाताऱ्यानं सांगून टाकलं! गवताच्या गंजीखाली, लोणच्याच्या रांजणात, डुकरांच्या खुराड्यामागे. जीव मुठीत धरून फेंगशियाननं जिथे जिथे दडवली होती ती एकूण एक जागा. घरी आल्यावर ती रडतच म्हणाली, “मामंजी, सांगायचं कशाला?” तर म्हणतो कसा, “त्यांनी विचारलं.”

हा माणूसच तसा होता. दारी आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, “हे मूळ नेऊ नका, तुमच्या चिकणमातीत कुजेल.” गिऱ्हाईक शेजाऱ्याकडून घेऊन जायचं. सबंध पंचक्रोशीत म्हण पडावी इतका त्याचा खरेपणा माहीत होता, आणि घरच्यांना त्यापायी उपाशी राहायची सवय. आता मात्र त्याच खरेपणाची फेंगशियानला धडकी भरली होती. मुळांचा ढीग आगीत लोटायचं काम तिच्यावरच आलं, तेव्हा तिनं थोरलीचा गड्डा मातीसकट शेणाच्या टोपलीत सरकवला आणि वर शेण थापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधी मुळांच्या जुन्या वाफ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या होत्या. इतर बायका गड्ड्यांचे तुकडे लावत होत्या, तिनं त्यांच्यातच, विहिरीजवळच्या ओळीत, थोरली अख्खीच्या अख्खी पुरली. म्हाताऱ्याला तिनं सांगितलं, थोरली गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला. चौकातल्या त्या दिवशी कुणाचीतरी लाथ त्याच्या कमरेत बसली होती. तेव्हापासून तो खाटेवरून उठलाच नाही.

खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण ज्याला माहीतच नाही तो काय सांगणार, असा तिचा हिशेब होता.

आणि दुसरा हिशेब असा, की हलवलेली पिओनी रुसते. पहिल्या वसंतात ती फुलत नाही. हे आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा सांगेल. म्हणून तर कळ्या खुडायच्या वेळी विहिरीजवळची ओळ खत वाहणाऱ्या गेंग काकूच्या वाट्याला आली तेव्हाही फेंगशियान फारशी घाबरली नाही. दुरून बघितलं, दोन-तीन काटक्या आणि पानं. पण या सगळ्या हिशेबात एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. हलवलेली पिओनी रुसते, कारण माणसं तिचे तुकडे करतात, मुळं तोडतात, माती झाडतात. थोरलीचा तुकडा झालाच नव्हता. अंगावरची मातीही सुटली नव्हती. आपल्याला हलवलंय हे तिला कळलंच नसावं.

फेंगशियाननं मान न वळवता डोळे विहिरीकडे नेले. ती सहा-सात ओळी अलीकडे होती. मधे बायका होत्या, सगळ्या वाकून तण काढणाऱ्या. उठून सरळ तिकडे जावं तर “कुठे निघालीस?” असं कुणीतरी विचारणारच.

“कसला ग वास?” एकजण म्हणालीच.

“तुझ्या नवऱ्यानं पाय धुतले असतील,” दुसरी म्हणाली. बायका हसल्या. फेंगशियानही हसली, जरा जास्तच.

“वास-बीस काही नाही,” मागून खणखणीत आवाज आला. गेंग काकू येत होती. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना मैल्याच्या पातळ खताचे लाकडी डबे. साठीची बाई, पण चाल घोड्याची आणि जीभ कात्रीची. “कामं करा, नाकं नंतर वापरा. आणि फेंगशियान, तुझं काय ग? मघापासून एकाच तणाला कुरवाळतेयस. दत्तक घेतलंस की काय?”

फेंगशियाननं ते तण पटकन उपटून टाकलं. गावात ती कुणाला घाबरत असेल तर या बाईला. गेंग काकूचा भाचा तालुक्याला पथकाच्या कचेरीत होता. लोणच्याच्या रांजणाबद्दल आधीच कुणीतरी बातमी पोचवली होती असं लोक कुजबुजायचे, आणि कुजबुजताना गेंग काकूच्या घराकडे बघायचे. शिवाय विहिरीजवळच्या ओळीतल्या कळ्या तिनंच खुडल्या होत्या. थोरलीच्या कळ्या औषधाच्या कळ्यांपेक्षा दुप्पट गरगरीत असतात, मधानं चिकट, मुंग्यांनी भरलेल्या. तिला कळलं नसेल? कळूनच तिनं एक मागे ठेवली असेल? कशासाठी? पकडून द्यायलाच ना?

तेवढ्यात वाफ्याच्या टोकाला सायकलची घंटी वाजली.

कॉम्रेड थान आला होता. पथकाचा म्होरक्या. वय काय तर मिसरूड नीट फुटलेलं नाही, पण आल्या आल्या माणसं आपोआप उभी राहायची. त्याच्यामागे गावच्या शेती-तुकडीचा प्रमुख टोपी हातात घेऊन चालत होता.

थान खतांबद्दल काहीतरी विचारत होता आणि बोलता बोलता थांबला. त्यानं नाक वर केलं.

फेंगशियान समजून चुकली. हा थान लहानपणी आईचं बोट धरून पांगच्या अंगणात फुलं बघायला यायचा. एकदा म्हाताऱ्यानं त्याला उचलून थोरलीवर धरलं होतं, आणि पोरानं नाकाचा शेंडा पिवळा करून घेतला होता. तो वास ओळखणारं दुसरं नाक सगळ्या तालुक्यात नसेल.

“हे काय आहे?” थान म्हणाला.

“काय, कॉम्रेड?” प्रमुखानं विचारलं.

“हा वास.” त्याचा चेहरा क्षणभर अगदी लहान मुलासारखा झाला, आणि मग एकदम कठीण. “कुणी हलायचं नाही. मी ओळी बघतो.”

तो पलीकडच्या टोकापासून एकेका ओळीत शिरून बुटानं पानं बाजूला सारू लागला. फेंगशियानही हलली. ती उठली नाही. बसल्या बसल्या, तण काढत काढत, खेकड्यासारखी आडवी सरकत निघाली. एक ओळ, मग दुसरी. बायका बघत होत्या. एकीनं तिच्याकडे बघून चटकन मान खाली घातली. 

थोरली दिसली. सगळ्यांत खालच्या पानाआड, जमिनीला टेकून, एक आडवी फांदी. तिच्यावर एकच फूल, पहाटेच उमललेलं, पाकळ्या अजून नीट सुटलेल्या नव्हत्या. इतकं सुंदर, की इतक्या भीतीतही तिला हुंदका आला. मूळ जगलं होतं. एवढा एक हिवाळा तिनं रोज मरत काढला होता, आणि हे मजेत जगलं होतं!

फूल तोडून टाकायचं कुठे? खिशात घातलं तर वास लपणार नाही. मातीत पुरायला वेळ नाही. थान चार ओळींवर होता. फेंगशियाननं देठापासून फूल खुडलं आणि सगळंच्या सगळं तोंडात कोंबलं.

तोंड गच्च भरलं. पाकळ्या थंडगार आणि कडवट. ती चावत होती, गिळत होती, घशात अडकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

“तू.” बूट समोर येऊन थांबले. “तू पांगची सून ना? उभी राहा.”

ती उभी राहिली. तोंड मिटलेलं. गाल फुगलेले.

“तू या ओळीत काय करतेस? तुझी ओळ ती.”

ती काय बोलणार? तोंड उघडलं तर सगळं संपलं. तिनं मान हलवली, हो नाही काहीतरी.

“बोल ना! वाचा बसली का?”

“दाढ सुजलीय तिची,” गेंग काकूचा आवाज आला. “काल रात्रीपासून गाल बघा, वाफवलेल्या पावासारखा झालाय. आणि बाजूला व्हा कॉम्रेड, माझ्या खांद्यावर ओझं आहे, माझं वय झालंय, मी काही...”

पुढे काय झालं ते नीटसं कुणालाच सांगता आलं नाही. कुणी म्हणालं काकूचा पाय चुकला. कुणी म्हणालं कावडीची दोरी सुटली. दोन्ही डबे थोरलीच्या ओळीत उलटे झाले, आणि त्यातलं निम्मं थानच्या बुटांवर आणि विजारीवर. त्या मैल्याची घाण अशी उठली की बायका तोंडाला बाही लावत मागे पळाल्या.

“अग बाई ग!” काकू कपाळ बडवत ओरडली. “आणि हे सगळं त्या ठोंबीमुळे! तिथे फतकल मारून बसलीय वाटेत! जा, पाणी आण कॉम्रेडसाठी, उभी काय राहिलीयेस मख्खासारखी!”

फेंगशियान विहिरीकडे धावली. धावता धावता शेवटचा घास गिळला. पाठीमागे काकू अजून शिव्या देत होती. त्या बाईनं आपल्याला वाचवलं की ती खरंच धडपडली, हे फेंगशियानला कळेना. विचारायची हिंमत तर तिला पुढेही कधी झाली नाही.

बूट धुतले गेले, पण आता थानला मैल्याखेरीज कशाचाच वास येत नव्हता, आणि त्याचा पारा चढला होता. त्यानं ओळीकडे पाहिलं. घाणीत बुडालेली पानं, सगळी सारखी. त्यानं फेंगशियानकडे पाहिलं.

“मला वास आला होता,” तो म्हणाला. “मी चुकत नाही. तुमच्या त्या झाडाचा वास होता. चल घरी. म्हाताऱ्याला विचारतो. तो खोटं बोलत नाही.”

वाटेवर फेंगशियान हिशेब करत चालली. विचारू दे. खुशाल विचारू दे. याच दिवसासाठी तर तिनं म्हाताऱ्याला अंधारात ठेवलं होतं. तो त्याला माहीत आहे तेच सांगेल, थोरली जळाली म्हणून, आणि तो म्हणतोय म्हटल्यावर थान मानेल. कितीतरी महिन्यांनी तिला आपल्या शहाणपणाचं बरं वाटलं.

घरात म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी सकाळची बाजरीची पेज तशीच होती, वर साय धरलेली. हल्ली तो खात नव्हता. खायचं कशासाठी, असं त्यानं एकदाच विचारलं होतं.

“उठव त्याला,” थान दारातूनच म्हणाला. विजारीच्या घाणीमुळे तो स्वतःच स्वतःवर नाक मुरडत होता.

फेंगशियान वाकली, म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले आणि म्हणाली, “मामंजी, कॉम्रेड थान आलेत. जरा बसता का?”

म्हाताऱ्याचं तोंड तिच्या तोंडाच्या अगदी जवळ होतं. ती बोलली आणि तो ताठ झाला.

त्याच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, असं त्यानं इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आधी काही न कळल्यासारखं, मग सगळं कळल्यासारखं.

फेंगशियानला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तोंड! तिनं बुटांना पाणी आणलं होतं, चूळ भरली नव्हती. या एका माणसापासून वास लपवायचा, एवढंच तर काम होतं, आणि तिनं तो नेऊन त्याच्या नाकात घातला होता. आता याला माहीत झालं. आता हा विचारल्यावर सांगणार. विहीर, ओळ, सगळं नाही सांगता आलं तरी ‘जिवंत आहे’ एवढं सांगेल, आणि तेवढं पुरे. सगळा वाफा खणतील. तिला नेतील. नदीच्या बंधाऱ्यावर कामाला गेलेल्या तिच्या नवऱ्यालाही सोडणार नाहीत.

“म्हातारबा,” थान म्हणाला. आवाज मुद्दाम मोठा, पण लहानपणची हाक तोंडातून सुटलीच होती. “एकच प्रश्न. तुमचं ते पांढरं, वासाचं झाड. ते कुठे आहे?”

 फेंगशियानचा हात म्हाताऱ्याच्या पाठीमागे होता. पाठीतून त्याचा श्वास लागत होता, खोल, सावकाश, मग आणखी खोल. ती मनातल्या मनात ओरडत होती, नका, नका हो मामंजी. ऐंशीच्या घरात आलेला, जन्मात एकदाही खोटं न बोललेला माणूस. त्याला खोटं बोलायला येत तरी असेल का?

“मी विचारतोय काहीतरी.”

“जळाली,” म्हातारा म्हणाला.

“नक्की?”

“मी बघितली जळताना.” तो थांबला. आवाज फाटला, पण त्यानं तो परत धरला. “पानं आधी जळाली. मुळाला वेळ लागला. ओलं होतं ना. तुला आठवतं का रे पोरा, तुझं नाक पिवळं झालं होतं?”

थान लाल झाला. त्यानं टोपी घट्ट केली. मग दाराशी उभ्या प्रमुखाला म्हणाला, “लिहा. झाड नष्ट झालेलं आहे. म्हातारा खोटं बोलत नाही.” आणि तो अंगणातून जवळजवळ पळतच गेला. सायकलची घंटी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

फेंगशियान खाटेच्या कडेवर बसली. आजचं टळलं होतं. थानला पुढे-मागे पुन्हा शंका येईल. वाफा कधीतरी खणायचाच आहे, त्याआधी गड्डा हलवावा लागेल. पण ते शरदात. शरद अजून लांब होता.

“कोंबांचे डोळे किती खोल ठेवलेस?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“दोन बोटं.”

“तुकडे केलेस?”

“नाही. वेळच नव्हता.”

“हं.” त्यानं पाठ भिंतीला टेकली. “म्हणून फुलली.”

“मामंजी, मी तुमच्याशी खोटं बोलले.”

“बरं केलंस.” त्यानं पेजेच्या वाडग्याकडे पाहिलं, वाडगा ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग तिच्याकडे न बघता, सासऱ्यानं सुनेकडे असं काही मागावं याची लाज वाटून, म्हणाला, “बोल की.”

“काय बोलू?”

“काहीही. नुसतं इथे बसून बोल.”

फेंगशियान जरा पुढे सरकली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बोलायला लागली. गेंग काकूची कावड कशी उलटली ते सांगितलं, थानचे बूट सांगितले, बायका कशा पळाल्या ते सांगितलं. ते संपल्यावर तिनं विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते सांगितलं. म्हातारा डोळे मिटून बसला होता आणि तिचा प्रत्येक शब्द नाकानं ऐकत होता. वास कमी कमी होत गेला, तशी ती भरभर बोलत राहिली.